नांगऱ्याच्या बायकोचं दान

लेणी म्हटलं की आपल्याला शाळेची सहल आठवते, एसटी आणि डबा. आज त्याच लेण्यांचा खर्च कुणी केला, ते बघू.

आधी आपली खाडी आणि बोरघाट डोळ्यांसमोर आणा. सोपारा, कल्याण, चौल ही फार जुनी बंदरं. तिथला माल घाट चढून जुन्नर, पैठणकडे जायचा. त्याच वाटांनी बौद्ध भिक्खूही फिरत. पावसाळ्यात मात्र त्यांनी एका जागी राहायचं, असा नियम होता आणि कोकणचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. म्हणून वाटांच्या आसपास डोंगरात निवारे कोरले गेले. कर्जतजवळ कोंढाणे, घाट चढून गेलं की कार्ले आणि भाजे, दक्षिणेला तळा तालुक्यात खाडीजवळ कुडा. बौद्ध धर्म कोणत्या वाटेने खेड्यापाड्यांत पोचला, ते या ठिकाणांवरूनच कळतं.

जपानमध्ये ७व्या शतकात गावोगावी बौद्ध मंदिरं उभी राहिली. ती लाकडाची. त्यामुळे तिथले संशोधक जमिनीतली कौलं आणि खांबांखालचे दगड शोधत बसतात. आपल्याकडे डोंगरच कोरलेला, आणि वर दान देणाऱ्यांची नावं! लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. ही अक्षरं लोक विसरले होते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती पुन्हा वाचून दाखवली. त्या लेखांत गुहेला ‘लेण’ म्हटलंय. आपण आजही लेणंच म्हणतो.

आता नावं ऐका. भाज्याला एक छोटासा लेख आहे: हालिकाची बायको बाधा, तिचं दान. हालिक म्हणजे नांगर धरणारा, शेतकरी. (बाधा नावाला हसू नका, तेव्हा त्याचा अर्थ भूतबाधा नसणार.) राणी नाही, सावकारीण नाही, शेतकऱ्याची बायको. साधारण २००० वर्षांपूर्वी तिच्या हाती दान देण्याइतकं काही होतं, आणि ते तिच्या नावावर लिहिलं गेलं. मला तर हे राजांच्या लेखांपेक्षा मोठं वाटतं.

कुड्याला तर अख्खं घर आहे. शिवम नावाच्या माणसाने लेणं दिलं, त्यातलं कोरीवकाम त्याची बायको विजया हिने आणि खांब मुलींनी. मुलींची नावंही आहेत: सपा, शिवपालिता, शिवदत्ता, सुलसदत्ता. शिवमच्या वडिलांबरोबर आईचंही नाव आहे, उत्तरदत्ता. आपल्या सरकारने १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव सक्तीचं केलं, तेव्हा केवढी चर्चा झाली! त्याच कुड्याला पदुमनिका नावाच्या भिक्खुणीने आपल्या शिष्या बोधी आणि असाळ्हमिता यांच्यासह लेणं दिलंय. शेजारीपाजारी माळी आहे, वैद्य आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे.

ही अक्षरं उथळ आहेत, पावसाने झिजलेली. त्यावर कुणी खिळ्याने बदाम काढतो, कुणी ऑइलपेंटने गावाचं नाव लिहितो. अक्षरं नीट दिसावीत म्हणून खडू घासणारेही असतात, त्यानेही दगड खराब होतो. भाज्याला जायचं तर लोकलने मळवली स्टेशन, तिथून पायी. गटाची सहल नेलीत तर एक बॅटरी जवळ ठेवा. बाजूने तिरका उजेड टाकला की अक्षरं उठून दिसतात, हात लावावा लागत नाही. पोरांना आधीच सांगून ठेवा. बाधाचं नाव सांगणारी तेवढी एकच ओळ आहे.