हरणांची रात्रपाळी, आपली जागल
(सानगडी येथील सभेत केलेले भाषण)



सानगडीच्या आजूबाजूला धान आहे, जवळच नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल आहे. वर्धा-यवतमाळकडं पऱ्हाटी आणि ज्वारी आहे. पीक वेगळं, गाऱ्हाणं एकच. दिवसा हरीण दिसत नाही आणि सकाळी वावर खाल्लेलं असतं.

आम्ही कृषीची पदवी घेऊन गावात आलो तेव्हा सांगत होतो, फटाके फोडा, हाकारा करा. तो सल्ला अर्धाच होता. माणसाची भीती नसेल तिथं चितळ सकाळ-संध्याकाळ उजेडात चरतं. शिकारी आणि हाकारे मागं लागले की ते खाणं सोडत नाही, खाण्याची वेळ बदलतं. २०१८ साली 'सायन्स' नियतकालिकात जगभरच्या ६२ जातींच्या जनावरांचा हिशेब आला. माणसाच्या वर्दळीमुळं त्यांची रात्रीची हालचाल सरासरी १.३६ पट झाली होती. अमेरिकेत एल्क नावाची मोठी हरणं आहेत. शिकारीचा हंगाम लागला की ती शिकारीला मनाई असलेल्या जमिनीवर सरकतात.

हे त्यांना जमतं कसं? आपल्या बैलासारखंच हरीणही रवंथ करतं. उघड्यावर भराभर तोडायचं आणि आडोशाला बसून चावायचं. अंधारातला थोडा वेळ त्याला पुरतो. तेवढ्यात पऱ्हाटीचे शेंडे आणि पात्या जातात, ज्वारीची कणसं जातात.

मग करायचं काय? बुजगावणं एकाच जागी महिनाभर उभं ठेवू नका. त्यात धोका नाही हे हरीण ओळखतं. आवाजाची, उजेडाची जागा आणि वेळ बदलत राहा. जंगलाकडच्या धुऱ्यावर जास्त लक्ष द्या. शेजाऱ्यांशी पाळ्या लावून जागल करा. तारेत वीज मात्र सोडू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहेच, पण ती तार हरीण आणि माणूस यांत फरक करत नाही. अंधारात आपलाच पोरगा, आपलाच बैल तिच्यावर जाईल.

नुकसान दिसलं त्याच सकाळी वनखात्याकडं लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पंचनाम्यापर्यंत खुरांच्या खुणा मोडू नका.

आणि एक वही ठेवा. किती रात्री जागलो, किती माणसं, कोणत्या वावरात, सगळं लिहा. भरपाईत खाल्लेलं पीक मोजतात, जागलेली रात्र मोजत नाहीत. रात्रीची मजुरी हा उत्पादन खर्चच आहे. जंगल सगळ्या देशाचं आहे, मग त्याची राखण एकट्या शेतकऱ्याच्या झोपेतून का? हा प्रश्न पुढच्या सभेत विचारायचा आहे. येताना वह्या घेऊन या.