केडगावच्या रमाबाई
(किन्हीराजा येथील प्रौढ वर्गातले भाषण)



घरात कोणी दगावलं, पीक बुडालं, की गावात एक बोल ऐकू येतो. "मागचं काही पाप असेल." आमच्या किन्हीराजातही हा बोल ऐकू येतो. सोसणाऱ्याला तो दुःखाहून जास्त झोंबतो. आज आम्ही पंडिता रमाबाईंची हकिगत सांगतो. त्यांच्यावर दुःखं आली, आणि वरून लोकांचे बोलही आले.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं. एवढ्यावरून लोकांचा रोष झाला. ते रानात जाऊन राहिले. पुढे १८७४ च्या सुमाराला दुष्काळ पडला. घरात दाणा उरला नाही. झाडपाला खाऊन दिवस काढले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास, दोघंच राहिले. दोघं पायी देशभर हिंडले. १८८० साली भाऊही वारला.

त्याच वर्षी रमाबाईंनी बंगालातले वकील बिपिनबिहारी यांच्याशी लग्न केलं. जात वेगळी, म्हणून पुन्हा बोल. मुलगी झाली, मनोरमा. ती वर्षाचीही नव्हती तोच, १८८२ साली, पटकीनं नवरा गेला. तेव्हा बाईंचं वय तेवीस.

नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकचं शुभवर्तमान सापडलं होतं. ते त्या वाचत. पुढे विलायतेत शिकायला गेल्या आणि १८८३ साली ख्रिस्ती झाल्या. इकडचे लोक रागावले. तिकडच्या धर्मगुरूंनाही त्या डोळे मिटून मान देईनात. पटेल तेच मानीन, असा त्यांचा बाणा. आम्हाला हा बाणा फार आवडतो. शाळेतलं पोरसुद्धा, विचारून विचारून शिकलेलं असेल तरच धडा विसरत नाही.

१८८९ साली त्यांनी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं. पुढे ते पुण्याला नेलं. तिथं मुलींना आपापला धर्म पाळायची मोकळीक होती. पण बाई स्वतः प्रार्थना करत, तेव्हा खोलीचं दार उघडं असे. काही मुली आपणहून जाऊन बसत. १८९३ साली यावरून वादळ उठलं. बाई मुली बाटवतात, असं लोक म्हणू लागले. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे मोठे सल्लागार बाजूला झाले. घरच्यांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. सल्लागारांची अडचण आम्हाला कळते. मुली परक्यांच्या, विश्वास त्यांच्या घरच्यांचा. पण परत नेलेल्या त्या विधवा मुलींच्या शिकण्याचं काय झालं असेल, हे मनातून जात नाही. बाईंनी सदन बंद केलं नाही. प्रार्थनेचं दारही लावलं नाही.

१८९६-९७ साली पुन्हा मोठा दुष्काळ आला. आपल्या वऱ्हाडाशेजारच्या मध्य प्रांतात मुली उपाशी हिंडत होत्या. बाईंनी लहानपणी ती भूक सोसलेली. त्या स्वतः गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. केडगावला जमीन होती. तिथं विहिरी, घरं, शाळा उभी राहिली. तेच मुक्ती सदन.

बायबलात इयोबाची गोष्ट आहे. इयोब नेक माणूस. त्याची गुरंढोरं गेली, लेकरं गेली, अंगभर फोडं आली. मित्र म्हणाले, तुझंच पाप असेल. इयोबानं ते मानलं नाही. तो देवाशी भांडला, पण देवाला सोडलं नाही. आणि शेवटी देवानं मित्रांनाच दोष दिला, इयोबाला नव्हे. ही गोष्ट रमाबाईंनी आपल्या हातानं मराठीत उतरवली. कारण सगळं बायबल साध्या बोलीत आणायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. थोडं शिकलेल्या बायकांनाही ते वाचता यावं, म्हणून. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या.

हे काम चालू असतानाच १९२१ साली मनोरमा वारली. एकुलती एक लेक. आईच्या कामाचा सगळा भार तिच्यावर टाकायचा, असं ठरलेलं. बाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या. कानांनी ऐकू येत नव्हतं. तरी त्या लिहायला बसत.

५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. मुक्ती सदनातल्या बायका स्वतः खिळे जुळवत, छापखाना चालवत. त्यांनी ते बायबल छापून १९२४ साली पुरं केलं.