वस्तुस्थिती सांगण्याचा अधिकार



चिनी भाषेत 'शि-शि छिऊ-शि' हे चार अक्षरांचे वचन फार प्रचलित आहे. 'वस्तुस्थितीतून सत्य शोधावे' हा त्याचा सर्वपरिचित अर्थ. हे माओंचे वचन, असे अनेकांना वाटते. वस्तुतः त्याचे वय दोन हजार वर्षांच्या घरात आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात बान गू या इतिहासकाराने हान राजवंशाचा इतिहास लिहिला. त्यात ल्यू द या राजपुत्राचे वर्णन करताना हे शब्द आले. इ. स. पूर्व २१३ मध्ये छिन सम्राटाने ग्रंथांची होळी केली होती. त्यातून वाचलेल्या पोथ्या हा राजपुत्र लोकांकडून मिळवी, त्यांची उत्तम नक्कल करून ती मूळ मालकास देई आणि अस्सल प्रत आपल्याकडे ठेवी. अस्सल पुराव्यावरून योग्य पाठ ठरवणे, एवढाच तेव्हा या वचनाचा आशय होता. अठराव्या शतकातील पाठचिकित्सक पंडितांनी तेच आपले ब्रीद मानले.

मे १९४१ मध्ये येनान येथील भाषणात माओंनी या शब्दांना नवा अर्थ दिला. वस्तुस्थिती म्हणजे बाह्य जगातील सर्व गोष्टी, सत्य म्हणजे त्यांच्यातील अंतर्गत नियम आणि शोध म्हणजे अभ्यास, अशी फोड त्यांनी केली. चीनच्या खेड्यांकडे न पाहता परदेशी ग्रंथांतील सूत्रे घोकणाऱ्या सहकाऱ्यांवर हा रोख होता. पोथीतला शब्द असा शेतात आला. हा अर्थविस्तार निःसंशय मोलाचा होता.

परंतु कसोटीची वेळ आली तेव्हा काय घडले? १९५८ च्या 'मोठ्या झेपे'त धान्योत्पादन साडेसदतीस कोटी टन झाल्याचे जाहीर करण्यात आले. १९५९ मध्ये तो आकडा पंचवीस कोटींवर आणावा लागला आणि पुढे खरे उत्पादन वीस कोटींच्या आसपास होते असे मान्य झाले. फुगवलेल्या आकड्यांच्या हिशेबाने सरकारी धान्यवसुली झाली आणि शेतकऱ्याच्या घरी खायला धान्य उरले नाही. जुलै १९५९ मध्ये लुशान येथे संरक्षणमंत्री पंग द-ह्वाय यांनी माओंना पत्र लिहून ही वस्तुस्थिती मांडली. त्यांचे मंत्रिपद गेले, ते पक्षविरोधी ठरले आणि त्यांच्यासारखे बोलणाऱ्यांची चौकशी सुरू झाली. दुष्काळ १९६१ पर्यंत चालला. मृतांच्या संख्येविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु ती कोटींत मोजावी लागते. १९६१ च्या जानेवारीत माओंनीच ते वर्ष 'वस्तुस्थितीतून सत्य शोधण्याचे वर्ष' व्हावे असे आवाहन केले. तरीही पंग यांचे नाव निष्कलंक झाले नाही.

माओंच्या निधनानंतर, डिसेंबर १९७८ मध्ये, तंग स्याव-पिंग यांनी हेच वचन पुन्हा हाती घेतले. माओंचा प्रत्येक निर्णय अबाधित मानणाऱ्यांना त्यांनी माओंच्याच आवडत्या शब्दांनी निरुत्तर केले. त्याच महिन्यात पंग निर्दोष ठरले. पण १९७४ सालीच त्यांचे निधन झाले होते. १९८८ मध्ये पक्षाचे सैद्धांतिक नियतकालिक 'लाल झेंडा' बंद होऊन 'छिऊशि', म्हणजे 'सत्यशोध', सुरू झाले. पुढच्याच वर्षी थ्येनआनमेन चौकात रणगाडे आले आणि त्या रात्रीची वस्तुस्थिती चीनमध्ये आजही उघडपणे मांडता येत नाही.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. वचनात दोष नाही. परंतु वस्तुस्थिती कोणती, हे ठरवण्याचा अधिकार केवळ नेतृत्वाकडे राहिला, तर उत्तमोत्तम वचनही भिंतीवरील पाटी होऊन बसते. ज्या पक्षात गावच्या कार्यकर्त्याला 'पीक बुडाले आहे' असे निर्भयपणे लिहिता येते आणि ते पत्र वरिष्ठांना वाचावेच लागते, त्याच पक्षाला हे वचन उच्चारण्याचा अधिकार आहे. समाजवाद्यांनी लोकशाहीचा आग्रह धरावयाचा तो यासाठीच. ती समाजवादाची शोभा नव्हे; भुकेची बातमी वेळेवर पोचवणारी तीच एक वाट आहे.