वाळूखालचे पाणी

उन्हाळ्यात येरळा कोरडी दिसली, तरी पात्रात वाळू आहे तोवर तिच्यात पाणी असते. दोन हात खोल झिरा उकरला की तळाला ओल सुटते, गढूळ पाणी हळूहळू निवळते आणि बाया वाटी-वाटीने घागर भरतात. वाळूच्या कणांमधल्या पोकळीत पावसाचे पाणी मुरून राहते. उन्हाची झळ त्याला फारशी पोचत नाही आणि काठच्या विहिरींना तेच पाझरते. वाळू उपसली की पात्र खोल जाते, विहिरींचे पाणी नदीकडे ओढले जाते आणि पाऊस बरा झालेल्या वर्षीही ऐन मार्चमध्ये विहिरींचा तळ दिसू लागतो. अशा गावचा दुष्काळ निम्मा माणसानेच आणलेला असतो. नदी वाचवण्याचे काम हे ओळखण्यापासून सुरू होते.

येरळा सातारा जिल्ह्यातल्या खटाव भागातून निघून सांगली जिल्ह्यात कृष्णेला मिळते. १९८० च्या दशकात तिच्या काठच्या खानापूर तालुक्यात दुष्काळ ठाण मांडून होता. मुंबईतल्या १९८२ च्या संपानंतर गिरणी कामगार गावी परतले होते, आणि ठेकेदारांचे ट्रक पात्रातली वाळू नेत होते. मुक्ती संघर्ष चळवळीने तेव्हा सरळ प्रश्न विचारला : दरवर्षी खडी फोडण्याची कामे काढण्यापेक्षा दुष्काळ हटवणारी कामे का नकोत? बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मागणीसोबत हिशेबही मांडला. थोडी वाळू गावाने स्वतः विकायची, त्या पैशातून नदीवर धरण बांधायचे आणि पाणी प्रत्येक कुटुंबाला सारखे द्यायचे, मग त्याच्याकडे जमीन असो वा नसो. परवानगीसाठी झगडावे लागले. अभियंत्यांनी आराखड्याला मदत केली, विद्यार्थी श्रमदानाला आले आणि बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. दीक्षान्त प्रसंगी ही हकिकत सांगण्याचे कारण हेच, की गावाच्या मागणीला शिकलेल्या माणसाच्या आकडेमोडीची जोड मिळाली आणि ती मागणी टिकली.

त्याआधी, १९७२ च्या दुष्काळाने हेलावलेले अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावात गेले होते. त्यांच्या पाणी पंचायतीत पाणी माणशी मोजले जाई : डोई अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस वर्ज्य. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत विकता येत नसे. हा शेवटचा नियम सर्वांत धाडसी होता, कारण जमीनदाराची पाण्यावरची मालकीच त्याने नाकारली.

कायद्याची वाट पुढे रुंदावली. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात खोऱ्यातल्या समन्यायी वाटपाची तरतूद आली. त्याच आधारावर मराठवाड्याने जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी मागितले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाळू-मुरुमाच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. मात्र निकाल कागदावर राहतो, तलाठ्याच्या सज्जात कोणी पंचनामा मागत नाही तोवर. रात्री किती ट्रक गेले, कुठल्या गटात किती खोल उपसा झाला, याची नोंद गावानेच ठेवावी लागते.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या आणि पाणी पाच लाख लिटर. मिरज कृष्णेकाठी आहे, आणि येरळा त्याच कृष्णेला मिळते. एका खोऱ्यातले पाणी दुसऱ्या खोऱ्यातल्या तहानेला धावले, हे चांगलेच झाले. पण लातूरच्या विहिरी वाघिणींनी भरत नाहीत. त्यासाठी ऑक्टोबरमध्ये, पाणी हाताशी असतानाच, प्रत्येक विहिरीत दोरी सोडून पातळी मोजावी लागते, पाणलोटाचा ताळेबंद ग्रामसभेत वाचावा लागतो आणि रब्बीत कोणते पीक घ्यायचे नाही ते तिथेच ठरवावे लागते. भूशास्त्राचा पदवीधर ती दोरी धरू शकतो, वाणिज्याचा ताळेबंद मांडू शकतो आणि कायद्याचा पदवीधर ठराव असा लिहू शकतो, की तहसील कचेरीतून तो परत येणार नाही.