तर्री आणि तंतुकणिका

पोह्यांवर लाल तवंगाची तर्री पडली नाही तर आम्हा कळमेश्वरकरांना नाश्ता केल्यासारखं वाटत नाही. कुणी हटकलंच तर उत्तर तयार असतं : ‘मला कुठं पोट आहे?’ आज या उत्तराविषयीच बोलायचं आहे.

आपल्या स्नायूंच्या पेशींत तंतुकणिका असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना पेशीचं ऊर्जाकेंद्र म्हणतात. मी त्यांना चुली म्हणेन. साखर आणि चरबी जाळून त्या शक्ती देतात. २००५ साली अमेरिकेतल्या लुइझियानात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दहा निरोगी तरुणांना तीन दिवस निम्मी ऊर्जा चरबीतून मिळेल असं जेवण दिलं. मग त्यांच्या स्नायूचा कण तपासला, तर या चुलींचं काम चालवणारी कित्येक जनुकं मंदावलेली आढळली. तीन दिवसांत पोट सुटत नाही! अर्थात ते जेवण म्हणजे आपली तर्री नव्हे, आणि एका प्लेटीनं चूल विझतही नाही.

पण सडपातळपणाचा भरवसा किती धरावा? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! स्वतःच्याच शरीराचा दाखला देणारा संशोधक मला फार आवडला.

आता एक गुंता. २००८ साली डॉ. श्रीकुमारन नायर यांच्या चमूनं अमेरिकेतल्या भारतीयांचे स्नायू तपासले. त्यांच्या चुली तिथल्या गोऱ्या लोकांपेक्षा जोमदार निघाल्या, तरीही इन्शुलिनला त्यांचं शरीर कमी दाद देत होतं. म्हणजे मधुमेहाचा सगळा दोष तंतुकणिकांवर ढकलता येत नाही. चूल पेटती असली तरी लाकडं किती घालायची, आणि शिजवायचं कुणासाठी, हा प्रश्न उरतोच. काम नसेल तर जळण साठतं.

ही चूल वाढवता येते, हे मात्र जुनं आहे. जॉन होलोझी यांनी १९६७ मध्येच दाखवलं, की नियमित पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत तंतुकणिकांची ज्वलनशक्ती जवळजवळ दुप्पट होते.

आमच्याकडे मोहप्याच्या बाजाराला पायी जाणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. संत्र्याच्या बागेत दिवसभर राबून तीही तेलाचंच कालवण खात. तर्री आजही तीच आहे. पानठेल्यापर्यंत जायला मात्र आता मोटारसायकल निघते.