गावचं समाजमंदिर आणि त्याची किल्ली

(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



इथे बसलेल्यांपैकी बरेच जण महाड, पोलादपूर, मंडणगड, खेडकडचे. वडील नोकरीसाठी मुंबईला आले, पुढे आपण खाडी ओलांडून नवी मुंबईत सिडकोच्या घरात आलो. पण गावी वाडीत आपली सर्वांची मिळून एक इमारत आहे. आमच्या महाड तालुक्यातल्या गावी आहे ती जांभ्या दगडाची, कौलारू. धम्मदीक्षेनंतर दोन-तीन वर्षांत आमच्या आजोबांच्या पिढीने बांधलेली. दिवसभर मजुरी आणि रात्री चांदण्यात दगड वाहायचे, असं आजी सांगायची.

ही इमारत पाडून स्लॅबची बांधायची, असा ठराव आमच्या मुंबई मंडळात झाला. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. खोटं कशाला बोलू? देणगीदारांच्या संगमरवरी पाटीवर वडिलांचं नाव येणार, हाही मोह होता.

त्या सभेनंतर गावच्या एका आत्याने मला विचारलं, "बाळा, आहे तीच वर्षातून दोनदा उघडता, नवी किती वेळा उघडणार?" किल्ली मुंबईत, मंडळाच्या पदाधिकाऱ्याकडे. १४ एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमा सोडली तर कुलूप. मला उत्तर देता आलं नाही.

आपण महाडची माणसं, आपल्याला हे कळायला हवं होतं. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा सर्वांना खुल्या कराव्यात, हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळं सर्वांचं होतं! पण पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब स्वतः पायऱ्या उतरले तेव्हा. पुढे नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला, दावे चालले आणि हायकोर्टाचा निकाल आला तो १७ मार्च १९३७ ला. एका तळ्यासाठी दहा वर्षं. आणि आपलं स्वतःचं समाजमंदिर आपणच कुलूपबंद ठेवलेलं.

दुसरं उदाहरण पंढरपूरचं. गाडगेबाबांनी अस्पृश्य वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. १९४९ साली त्यांनी ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्द केली, मुलांच्या वसतिगृहासाठी. इमारत पाडली नाही, उपयोग बदलला. वारीपुरती भरणारी वास्तू शिकणाऱ्या मुलांची झाली.

तर आम्ही ठराव फिरवला. भांडणं झाली, दोघांनी वर्गणी बंद केली, ती अजून बंदच आहे. मग दुरुस्तीला लागलो. आधी एकदा आम्हीच भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. जांभा पाणी पितो आणि उन्हात सोडतो. वर सिमेंट बसलं की ओल आतच राहते. दोन पावसाळ्यांत पोपडे सुटले आणि आम्ही म्हणालो, इमारत जुनी झाली! दोष दगडाचा नव्हता. या वेळी गिलावा खरवडून काढला, भिंती एक अख्खा उन्हाळा वाळू दिल्या आणि चुन्याचा गिलावा केला. चुन्याचं काम जाणणारा म्हातारा गवंडी शोधायलाच तीन महिने गेले. तो नुसता हुकूम सोडायचा, हात आमच्या पोरांचे. वाळवी लागलेले वासे तेवढे बदलले. जोत्याभोवती चर खणला, म्हणजे पागोळ्यांचं पाणी भिंतीत मुरत नाही.

किल्ली आता शेजारच्या घरात खुंटीला असते. संध्याकाळी दहावी-बारावीची मुलं अभ्यासाला बसतात, त्यांत मुली जास्त. दुपारी बचत गटाच्या बायकांची बैठक असते. परवा गेलो तर मलाच चपला बाहेर काढायला सांगितलं एका पोरीने.

मागच्या बाजूची कौलं अजून राहिली आहेत. पावसाच्या आत चढवायची आहेत. आमच्या गावचे जे कोणी इथे असतील, त्यांच्यासाठी पावती पुस्तक मी बरोबर आणलं आहे. कार्यक्रमानंतर दाराशी उभा आहे. बाकीच्यांनी आपल्या गावी फोन करून एवढंच विचारा, किल्ली कोणाकडे आहे?

जय भीम.