पुसावे काय, ठेवावे काय?

आजी-आजोबांचा एखादा पिवळा पडलेला फोटो तुमच्याही घरी असेल. आमच्या आजीचा होता. मागे तो मी एका दुकानात 'नवा' करून घ्यायला दिला. काम झकास झाले. चेहरा कसा उजळून निघाला! पण आई फोटो हातात घेऊन म्हणाली, "अरे, हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं?" यंत्राने ते डाग समजून पुसले होते.

तेव्हापासून जुन्या गोष्टी नव्या करण्याच्या या कारभाराकडे मी जरा संशयानेच पाहतो. म्हणूनच 'टेक ऑन मी' या गाण्याची चित्रफीत नव्या रूपात आल्याचे कळले, तेव्हा आधी धास्तीच वाटली.

हे गाणे नॉर्वेच्या 'आ-हा' या तिघा तरुणांच्या संचाचे. 1984 साली ते प्रथम निघाले, पण फारसे कोणी विचारले नाही. पुढे ते पुन्हा ध्वनिमुद्रित झाले, 1985 साली स्टीव्ह बॅरन यांनी त्याची नवी चित्रफीत केली आणि गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. तिच्यातली गोष्ट मोठी मौजेची आहे. एक मुलगी हॉटेलात चित्रकथा वाचत बसली आहे. चित्रातला शर्यतवाला तिच्याकडे पाहून डोळा मिचकावतो, आणि पानातून पेन्सिलीने काढलेला एक हात बाहेर येतो. तो धरून ती चित्रात शिरते. इकडे वाढणाऱ्या बाईला वाटते, पोरगी पैसे बुडवून पळाली! ती रागारागाने पुस्तक चुरगळून टोपलीत टाकते. शेवटी मुलगी तेच पुस्तक उचलून घरी नेते आणि चुण्या हाताने सरळ करत बसते.

आता हे केले कसे? आधी माणसांचे खरेखुरे चित्रण करायचे, मग त्या फिल्मची एकेक चौकट कागदावर पेन्सिलीने गिरवायची. या रीतीला रोटोस्कोपिंग म्हणतात. मॅक्स फ्लायशर यांना तिचे पेटंट 1917 सालीच मिळाले होते, म्हणजे युक्ती काही नवी नव्हे. पण मायकेल पॅटरसन आणि कँडेस रेकिंगर यांनी सुमारे 3000 चित्रे काढली, आणि त्याला 16 आठवडे लागले. हिशेब करा, आठवड्याला जवळजवळ 190 चित्रे!

माणसाचा हात तो. लागोपाठची दोन चित्रे तंतोतंत सारखी निघतील कशी? एका चित्रात गालावरची रेघ दाट, पुढच्यात फिकट. ती चित्रे भराभर सरकू लागली की सगळी आकृती थरथरते. मला विचाराल तर त्या चित्रफितीचा जीव त्या थरथरीतच आहे.

2019 साली मूळ 35 मिलिमीटर फिल्मवरून तिची फोर-के आवृत्ती तयार झाली. जुन्या अमेरिकन दूरदर्शन संचावर चित्राच्या सुमारे 480 ओळी दिसत. फोर-केमध्ये त्या 2160 असतात. फिल्म जपलेली होती म्हणून हे साधले. त्या काळच्या ज्या चित्रफिती नुसत्या व्हिडिओ टेपवर राहिल्या, त्यांच्यातून जास्तीचा तपशील आणणार कुठून?

खरी मेख मात्र पुढेच आहे. चित्र स्वच्छ करणारी यंत्रणा शेजारशेजारच्या चौकटी ताडून पाहते. एकीत आहे आणि दुसरीत नाही, तो ठिपका बहुधा धुळीचा, असा तिचा कयास. साध्या चित्रपटाला हे ठीक आहे हो, पण इथे तर प्रत्येक रेघच शेजारच्या चौकटीहून वेगळी! अशी यंत्रणा मोकाट सोडली तर ती धुळीबरोबर पेन्सिलही पुसून टाकील. कुठे थांबायचे, हे माणसानेच ठरवले पाहिजे.

नवी आवृत्ती मी पाहिली ती पडद्याला नाक लावून, आणि रेघ पूर्वीसारखीच थरथरत होती. वर पेन्सिलीचा खरखरीतपणा, जो पूर्वी कधी दिसलाच नव्हता, तो आता दिसला. फेब्रुवारी 2020 मध्ये ती यूट्यूबवर 100 कोटी वेळा पाहिली गेल्याचा आकडा आला. त्यात माझ्या वर्गातली मुलेही आली.

आजीचा मूळ फोटो आईने ट्रंकेत जपला होता. तो घेऊन मी पुन्हा दुकानात गेलो आणि शेजारी बसून काम करवून घेतले. गोंदण जागेवर आले. कपाळाजवळ पावसाच्या पाण्याचा एक ओघळ आहे, तो काढावा की राहू द्यावा, यावर घरात अजून एकमत नाही.